उपासनेचा सुधारित मराठी पाठ आधी कानांवर पडू द्या

संपादक महोदय,
स. न.

कॅथलिक उपासनाग्रंथांची भाषांतरे काही काळाने तपासली जातात, सुधारली जातात आणि ठरलेल्या रविवारपासून चर्चमध्ये रूढ केली जातात. इंग्रजीत हे घडले, इटालियन आणि फ्रेंचमध्येही घडले. मूळ लॅटिन मिस्साग्रंथाची, म्हणजे मिस्सा या आमच्या मुख्य उपासनेच्या प्रार्थनांच्या ग्रंथाची, तिसरी आवृत्ती २००२ साली प्रसिद्ध झाल्यापासून हे काम प्रत्येक भाषेपुढे आहे आणि मराठीही त्याला अपवाद नाही. सुधारित मराठी पाठात कोणते शब्द असावेत याचा निर्णय जाणकार घेतील. मला लिहायचे आहे ते पुढच्या टप्प्याविषयी, म्हणजे तयार झालेला पाठ लोकांपर्यंत न्यायचा कसा याविषयी. सोलापूरसारख्या गावात तो छापील पत्रके वाटून नेता येणार नाही. तो आधी कानांवर पडला पाहिजे, मग तोंडात बसला पाहिजे, आणि पुस्तकाची पाळी सर्वांत शेवटी यायला हवी.

हा एका लहान समाजाच्या घरातला प्रश्न आहे, तो वर्तमानपत्राच्या पत्रव्यवहारात कशाला, असे कोणी विचारील. पण जानेवारी २०२० मध्ये शेजारच्या उस्मानाबादेत (आताच्या धाराशिवात) ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हा अध्यक्षस्थानी फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते, आणि मराठी ख्रिस्ती लेखनाला परंपरा आहे हे त्या निमित्ताने पुष्कळांच्या लक्षात आले. साहित्याची भाषा वाचक एकट्याने वाचतो. उपासनेची भाषा मात्र शेदोनशे माणसे एकाच वेळी, एका दमात उच्चारतात. शाळेतली प्रतिज्ञा सोडली तर असे सामुदायिक मराठी गद्य आपल्याकडे फारसे नाही. ते कसे बदलते आणि बदललेले कसे रुजते, यात इतर वाचकांनाही रस वाटायला हरकत नसावी.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. १९६० च्या दशकापर्यंत रोमन विधीची मिस्सा बहुतेक सर्वत्र लॅटिनमध्येच होत असे. ‘दोमिनुस वोबिस्कुम’ (प्रभू तुमच्याबरोबर असो) असे फादर म्हणत आणि वेदीपाशी सेवेला असलेली मुले ‘एत कुम स्पिरितू तुओ’ (आणि तुमच्या आत्म्याबरोबरही) हे पाठ केलेले उत्तर देत. बाकीचे लोक मागे बसून जपमाळ ओढत. जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या उपासनाविषयक दस्तऐवजाने ४ डिसेंबर १९६३ रोजी लोकभाषांना वाट मोकळी करून दिली आणि भाविकांनी उपासनेत पूर्ण, जाणता आणि सक्रिय सहभाग घ्यावा हे तत्त्व घालून दिले. पोप पॉल सहावे यांनी १९६९ मध्ये नव्या मिस्साग्रंथाला मान्यता दिली. भाषांतर कसे करावे यावर मात्र रोमचे मत तेव्हापासून एका जागी राहिलेले नाही. १९६९ च्या सूचनांत आशय लोकांच्या बोलण्यात सहज उतरावा यावर भर होता. २००१ च्या सूचनांनी लॅटिन शब्दांशी आणि वाक्यरचनेशी निष्ठा मागितली. आणि पोप फ्रान्सिस यांनी ३ सप्टेंबर २०१७ रोजी काढलेल्या आदेशाने भाषांतर तयार करण्याची जबाबदारी ठळकपणे त्या त्या प्रदेशाच्या बिशप परिषदेकडे दिली. परिषदेने संमत केलेला पाठ रोमने कायम करावा लागतो हे खरे, पण शब्दांची निवड इथली असेल तर ते लोकांच्या तोंडी बसवण्याची जबाबदारीही इथलीच ठरते.

आता सोलापूरकडे वळतो. आम्ही पुणे धर्मप्रांतात, म्हणजे पुण्याच्या बिशपांच्या अधिकारक्षेत्रात, मोडतो. रविवारी चर्चमध्ये जमणाऱ्यांत घरी मराठी बोलणारे आहेत, तसेच घरी तेलुगू, कन्नड, तमिळ किंवा कोकणी बोलणारेही आहेत. कोणाचे आजोबा गिरणीत लागले म्हणून इथे आले, कोणाचे रेल्वेत. या शहराची मराठीच मुळी कन्नड आणि तेलुगूच्या शेजारात घडलेली आहे. यांतल्या कित्येकांना, विशेषतः वयस्कर बायकांना, मराठी वाचता येत नाही. पण मिस्सेतली उत्तरे आणि प्रार्थना त्यांना बिनचूक पाठ आहेत. त्या त्यांनी पुस्तकातून उचललेल्या नाहीत, ऐकून ऐकून उचललेल्या आहेत. विड्या वळता वळता जपमाळेच्या प्रार्थना पुटपुटणाऱ्या बाईला प्रार्थनापुस्तक देऊन काय होणार? तिचे हात मोकळे नसतात आणि तिला पुस्तक लागतही नाही. पंढरपूर ज्या जिल्ह्यात आहे त्या जिल्ह्यातल्या वाचकांना, पोथी हातात न धरता पिढ्यान्‌पिढ्या चालणारी उपासना म्हणजे काय, हे मी वेगळे सांगायला नको.

चर्चमध्ये मागच्या बाकावर बसून ऐकले की ही रचना नीट कळते. प्रार्थना सुरू झाली की पुढच्या दोन-तीन रांगा पुस्तकाबरोबर चालतात, मधल्या रांगा पुढच्यांच्या आवाजाबरोबर, आणि पार मागच्या, पंख्यांच्या घरघरीत बसलेल्या रांगा अर्धा शब्द मागे राहून, पण न चुकता. हा अर्ध्या शब्दाचा उशीर कोणाला जाणवत नाही, कारण वाक्य ओळखीचे असते आणि पुढचा शब्द ऐकण्याआधीच जिभेवर तयार असतो. वाक्य अनोळखी झाले की हा आधार जातो. पुढच्या रांगा कागदाकडे पाहून म्हणत राहतात, मधल्यांचा आवाज बसतो आणि मागच्या गप्प होतात. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा ४२-४३ अंशांवर असताना सगळे पंखे पुऱ्या वेगाने चालू असतात. त्या वाऱ्यात हातातली सुटी पत्रके धरून ठेवण्यातच निम्मे लक्ष जाते, हेही पत्रके छापणाऱ्यांनी ध्यानात घेतलेले बरे. गप्प झालेल्या रांगा पुन्हा बोलत्या करणे फार अवघड असते. ज्या व्हॅटिकन परिषदेने सक्रिय सहभागाचा आग्रह धरला तिच्याच नावाने केलेल्या सुधारणेने निम्मे चर्च मुके व्हावे, हे कोणालाच नको असणार.

इतरांनी हे कसे केले, यातून घेण्यासारखे बरेच आहे. इंग्रजी भाषांतर सुधारले तेव्हा इंग्लंड आणि वेल्समध्ये लोकांच्या तोंडच्या प्रार्थना सप्टेंबर २०११ पासूनच म्हणायला सुरुवात झाली आणि संपूर्ण नवा मिस्साग्रंथ २७ नोव्हेंबर २०११ ला, नाताळपूर्वीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, वेदीवर आला. मधल्या काळात लोकांना आपापल्या प्रार्थनांचा सराव झाला. इटलीत नवा ग्रंथ २९ नोव्हेंबर २०२० पासून वापरात येऊ लागला, पण त्याची सक्ती ४ एप्रिल २०२१ च्या ईस्टरपासून; म्हणजे चार महिन्यांची सवड मिळाली. फ्रान्सने प्रभूच्या प्रार्थनेतला, म्हणजे येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेतला, बदल ३ डिसेंबर २०१७ ला आधी आणला आणि बाकीचा ग्रंथ चार वर्षांनी, २८ नोव्हेंबर २०२१ ला. उलट दक्षिण आफ्रिकेत गैरसमजातून नवे इंग्रजी पाठ २००८ च्या आगमनकाळातच सुरू झाले. संपूर्ण ग्रंथाला मंजुरी मिळालेली नव्हती, नव्या चाली तयार व्हायच्या होत्या आणि लोकांना पुरेसे सांगितलेले नव्हते. तक्रारींचा जो पाऊस पडला त्यात भाषांतराचे खरे गुणदोष कोणी शांतपणे पाहू शकले नाही. मला इटलीची रीत सर्वांत शहाणपणाची वाटते, कारण तिच्यात धर्मग्रामाच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, फादरांना आपल्या लोकांचा वेग पाहून पाऊल टाकता येते.

सवड मिळाली तरी ती वापरायची कशी, हा प्रश्न राहतोच. मिस्सेपूर्वी दहा मिनिटे, एका रविवारी एकच प्रार्थना, एकाने म्हणायची आणि सगळ्यांनी तुकड्या-तुकड्याने मागून म्हणायची, आणि हातात कागद द्यायचा नाही, अशी साधी पद्धत माझ्या डोळ्यांपुढे आहे. गौरवगीत (देवाची स्तुती) आणि विश्वासांगीकार (श्रद्धेची कबुली) यांसारख्या लांब प्रार्थनांना दोन-तीन रविवार द्यावे लागतील; एका वाक्याची उत्तरे एका दिवसात बसतील. शनिवारी धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना आधी शिकवले तर मुले घरी जाऊन आज्यांना शिकवतील, आणि हा मार्ग कोणत्याही परिपत्रकापेक्षा जलद आहे.

ऐकून पारखण्याचे काम मात्र याच्याही आधी, पाठ मंजुरीसाठी पाठवण्यापूर्वी, व्हायला हवे. त्याचे एकच उदाहरण देतो, आणि ते व्याकरणाचे आहे. मराठीत प्रथमपुरुषी वर्तमानकाळाचे क्रियापद बोलणाऱ्याच्या लिंगाप्रमाणे बदलते. पश्चात्तापाच्या प्रार्थनेत लॅटिन किंवा इंग्रजी बोलणाऱ्या स्त्रीपुरुषांचे क्रियापद एकच असते. मराठीत पुरुष ‘कबूल करतो’ म्हणणार आणि बायका ‘कबूल करते’. कागदावर तिरपी रेघ मारून दोन्ही रूपे छापली की भाषांतरकार मोकळा होतो. चर्चमध्ये मात्र नेमक्या त्या शेवटच्या अक्षरावर समुदाय दोन आवाजांत फुटतो. सोलापुरात याला आणखी एक पदर आहे. तेलुगू आणि कन्नडमध्ये प्रथमपुरुषी क्रियापदाला लिंगभेद नाही, त्यामुळे त्या घरांतली माणसे मराठी बोलताना अडखळतात ती बहुतेक इथेच. ‘माझी श्रद्धा आहे’, ‘माझ्या हातून पाप घडले आहे’ अशी मराठीला सहज येणारी रचना केली तर अडचण उरतच नाही. पण ही गोष्ट टेबलाशी बसून वाचणाऱ्याला खटकणार नाही. पन्नास माणसांकडून म्हणवून घेतली की पहिल्या मिनिटाला खटकेल. फादर थॉमस स्टीफन्स यांचे नाव आपण प्रत्येक समारंभात आदराने घेतो. १६१६ साली छापलेले त्यांचे ख्रिस्तपुराण ओवीत आहे आणि ते लोकांना वाचून दाखवण्यासाठी होते, ही गोष्ट मात्र हारतुऱ्यांत विसरली जाते. म्हणून माझी विनंती आहे की मसुदा पक्का करण्यापूर्वी तो वसईत, मराठवाड्यात आणि सोलापुरात, म्हणजे तीन वेगळ्या वळणांच्या मराठीत, प्रत्यक्ष समुदायाकडून म्हणवून पाहावा. वसईच्या कॅथलिकांचा मराठी लेखनाचा व्यासंग मोठा आहे आणि भाषांतराच्या कामात त्यांचा वाटा मोठा असणे स्वाभाविकही आहे, पण वसईच्या कानाला गोड लागणारे प्रत्येक वाक्य भीमाकाठच्या जिभेवर तितक्याच सहजतेने फिरेल असे नाही.

फादरांविषयी थोडे स्पष्ट लिहितो, कोणी गैरसमज करून घेऊ नये. आपल्याकडे सेवा करणाऱ्या धर्मगुरूंपैकी अनेकांची मातृभाषा कोकणी, मल्याळम, कन्नड किंवा तमिळ असते. ते कष्टाने मराठी शिकतात आणि त्यांच्या या कष्टांबद्दल आम्हांला आदरच आहे. पण मिस्सेतला लांबलचक पाठ, विशेषतः वेदीवरची मुख्य आभारप्रार्थना, त्यांनाच म्हणायचा असतो. सुधारित भाषांतरे लॅटिनच्या जवळ जाऊ लागली की वाक्ये लांबतात, पोटवाक्यांत पोटवाक्य शिरते आणि क्रियापद मराठीच्या रीतीप्रमाणे पार शेवटी येते. तिथपर्यंत श्वास पुरला नाही किंवा विराम चुकीच्या जागी पडला, तर ऐकणाऱ्याला कर्ता कोण आणि कर्म कोण हेच कळत नाही. म्हणून लोकांच्या सरावाइतकाच, किंबहुना त्याहून जास्त, सराव फादरांना द्यावा. पुण्यात देशभरातले विद्यार्थी धर्मगुरू होण्यासाठी शिकतात. मराठी धर्मप्रांतांत काम करू इच्छिणाऱ्यांसाठी तिथेच मराठी पाठाच्या वाचनाचा एखादा वर्ग असावा. छपाई करणाऱ्यांनीही एवढे सांभाळावे की ओळ जिथे श्वास घ्यायचा तिथेच तुटावी. आमच्या चर्चमध्ये वाचन करणाऱ्यांपैकी मी एक आहे, आणि शब्दयोगी अव्यय पुढच्या पानावर ढकलणाऱ्या अक्षरजुळणीने किती घात होतो हे अनुभवाने सांगतो.

चालींचा प्रश्न वेगळाच आहे. गौरवगीत, ‘पवित्र, पवित्र, पवित्र’ आणि ‘परमेश्वराच्या कोकरा’ या प्रार्थना आमच्याकडे बहुतेक वेळा गाऊनच म्हटल्या जातात, पेटी आणि तबल्याच्या साथीने, भजनाच्या वळणाच्या चालींवर. शब्दांची संख्या बदलली की चाल मोडते, आणि मोडलेल्या चालीत नवे शब्द कोंबले की ऐकवत नाही. नव्या पाठासाठी निदान दोन सोप्या चाली आधीच बांधून, लोकांना शिकवून मगच पाठ लागू करावा. गाण्यातून आलेला शब्द लवकर पाठ होतो.

प्रभूच्या प्रार्थनेला मात्र, शक्य तोवर, हात लावू नये. २०११ च्या इंग्रजी सुधारणेत जवळजवळ सगळे बदलले तरी प्रभूची प्रार्थना होती तशीच ठेवली होती. इटालियन आणि फ्रेंच भाषांतरांत मोहाविषयीची ओळ बदलली, त्याला धर्मशास्त्रीय कारण होते आणि ते मी नाकारत नाही. पण सोलापुरात अमेरिकन मराठी मिशनच्या काळापासून प्रॉटेस्टंट मंडळ्या आहेत, आणि आमच्यापैकी अनेकांची सोयरीक त्यांच्या घरांत आहे. दफनभूमीत दोन्हीकडचे नातेवाईक कबरीभोवती उभे असतात तेव्हा सगळ्यांना मिळून म्हणता येते अशी प्रार्थना ही एकच असते. दोन्हीकडच्या शब्दांत आधीच थोडा फरक आहे, तो लोक समजुतीने निभावून नेतात. त्यात आणखी अंतर पाडायचे असेल तर निदान प्रॉटेस्टंट बांधवांशी आधी बोलून मग काय ते ठरवावे.

लोकांना कारण सांगण्याचे काम बहुधा सर्वांत शेवटी आठवते आणि घाईने उरकले जाते. ‘आजवर आम्ही म्हणत होतो ते चुकीचे होते का?’ हा पहिला प्रश्न येणार आणि तो बहुधा म्हातारी माणसेच विचारणार, कारण त्याच शब्दांनी त्यांनी आपले आईवडील पोचवलेले असतात आणि मुलांची लग्ने लावलेली असतात. त्यांना ठामपणे सांगावे लागेल की जुना पाठही चर्चने मान्य केलेला होता, त्याने अर्पण केलेली प्रत्येक मिस्सा पूर्ण आणि वैध होती, आणि बदल होतो आहे तो मूळ ग्रंथाची नवी आवृत्ती आल्यामुळे आणि पन्नास वर्षांत भाषाही बदलल्यामुळे. हे बिशपस्वामींच्या एका पत्राने भागणार नाही. प्रवचनांतून, निदान महिनाभर, एकेका प्रार्थनेचा अर्थ उलगडून सांगावा लागेल. खरे तर सुधारित पाठाचा मोठा लाभ इथेच आहे, कारण वर्षानुवर्षे यांत्रिकपणे म्हटलेली प्रार्थना माणूस थांबून ऐकतो तो ती बदलली म्हणूनच.

मुहूर्ताविषयी बोलायचे तर आगमनकाळाचा पहिला रविवार हा चर्चच्या वर्षाचा आरंभ म्हणून योग्यच आहे, पण तयारी त्या महिन्यात सुरू करू नये. डिसेंबरात गायकवृंद नाताळच्या गाण्यांत गुंतलेला असतो आणि जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांच्या यात्रेने निम्मे शहर रस्त्यावर असते. गणपती आटोपल्यावर सराव सुरू केला तर मध्ये दिवाळीची सुट्टी धरूनही पुरेसा वेळ मिळतो.

शेवटची सूचना अगदी व्यवहाराची आहे. लग्नाच्या आणि दफनविधीच्या पुस्तिका घरचे लोक गल्लीतल्या छापखान्यात घाईघाईने छापून घेतात, आणि जुन्या पुस्तिकेवरून नवी उतरवून काढण्याची रीत आहे. पाठ लागू होण्याच्या दिवशीच तो सर्व धर्मग्रामांना संगणकावर वापरता येईल अशा स्वरूपात मोफत मिळाला नाही, तर पुढची दहा वर्षे जुने आणि नवे शब्द या पुस्तिकांतून एकमेकांत मिसळत राहतील. त्याच्या जोडीला एका स्त्रीच्या आणि एका पुरुषाच्या आवाजात सगळ्या प्रार्थनांचे स्वच्छ ध्वनिमुद्रण करून ते मोबाईलवरून घरोघर पाठवावे. ते सोलापूर, सांगली, सातारा आणि कोल्हापूर या सगळ्या ठिकाणी एकाच दिवशी पोहोचेल एवढी व्यवस्था पुणे धर्मप्रांताने करावी, अशी विनंती आपल्या दैनिकातून करतो.

कळावे,
आपला नम्र,
चर्चमधील एक वाचक, सोलापूर